हसऱ्या भगिनीचे गाणे आणि आपला जमाखर्च

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहात, गायकवृंद व संगीतसेवक यांच्या सत्कारप्रसंगी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आजची सायंकाळ आपल्या गायकवृंदाची आहे. गेली पन्नास वर्षे ज्यांनी या मंदिरात गाईले, ज्यांनी पेटी, व्हायोलिन व ऑर्गन वाजविला, ज्यांनी पावसाळ्याच्या रात्री कंदिलाच्या उजेडात मुलांकडून स्वर घोटवून घेतले, त्या सर्वांचा आज आपण सत्कार करीत आहो. महोत्सव समितीने मजकडे मागणी केली की, 'फादर, संगीताविषयी दोन शब्द सांगा.' मी संगीतज्ञ नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. सेमिनरीत आमच्या संगीतगुरूंनी माझा आवाज ऐकला आणि मला मागील रांगेत उभे करून हळू गाण्याची आज्ञा केली. ती आज्ञा मी आजतागायत मोठ्या निष्ठेने पाळीत आलो आहे. तेव्हा संगीतशास्त्राविषयी न बोलता एका गाणारीची कथा आपणांपुढे ठेवावी, असे मी योजिले आहे. ही कथा दूरच्या बेल्जियम देशातली आहे. परंतु तीत एक प्रश्न असा आहे की, तो महोत्सवाच्या वेळी प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःस विचारावा.

१९८८ साली मी सेमिनरीत असताना आम्हां विद्यार्थ्यांत एक गिटार होती. तिच्या सहा तारांपैकी पाचच धड होत्या. संध्याकाळच्या विरंगुळ्याच्या तासाला आम्ही एक फ्रेंच गाणे हमखास म्हणत असू. फ्रेंच आम्हांस येत नव्हते. कोणी तरी देवनागरीत उतरून घेतलेले ते शब्द आम्ही पोपटासारखे म्हणत होतो. गाण्याचे नाव 'दोमिनिक'. ते संत दोमिनिकावर रचिलेले आहे आणि एका धर्मभगिनीने गाईले आहे, एवढेच आम्हांस ठाऊक होते. ती गाणारी तेव्हा तीन वर्षांपूर्वीच मृत्यू पावली होती. ती कशी मेली, हे आम्हांस ठाऊक नव्हते आणि खरे सांगावयाचे तर आम्ही कोणी ते विचारलेही नाही. गाणे गोड होते, तेवढ्याने आमचे भागत होते.

त्या गाणारीचे नाव झानीन डेकर्स. तिजविषयी बोलताना मी 'ती' असे एकेरी म्हणेन. आपल्या घरच्या बहिणीस आपण तसेच म्हणतो, आणि आज तीस घरची बहीण समजूनच मी बोलणार आहे.

झानीनचा जन्म १७ ऑक्टोबर १९३३ रोजी ब्रुसेल्स शहरातील लाकेन या भागात झाला. घरचा धंदा केक-मिठाईच्या दुकानाचा. तरुणपणी तिने चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि काही काळ मुलींना ती कलाही शिकविली. गिटारचा नाद तीस लहान वयातच लागला होता. १९५९ साली वयाच्या पंचविसाव्या वर्षी तिने वॉटर्लूजवळच्या फिशेरमाँ येथील दोमिनिकन मिशनरी भगिनींच्या मठात प्रवेश केला. हे वॉटर्लू म्हणजे १८१५ साली जेथे नेपोलियनचा पराभव झाला तेच रणक्षेत्र. मठात तीस सिस्टर लुक-गाब्रिएल हे नाव मिळाले. गिटार तिने बरोबर आणली होती. फावल्या वेळात ती गाणी रचून भगिनींना ऐकवी आणि मठात चिंतनासाठी येणाऱ्या मुलींनाही ती गाणी फार आवडत.

त्या मुली घरी जाताना म्हणत की, ही गाणी आम्हांस बरोबर नेता आली तर किती बरे होईल! म्हणून मठाने साठाच्या दशकाच्या आरंभी फिलिप्स कंपनीच्या ब्रुसेल्स येथील ध्वनिमुद्रणगृहात तिची गाणी मुद्रित करविली. कल्पना एवढीच होती की, थोड्या तबकड्या काढाव्या आणि मठाच्या स्नेहीजनांत वाटाव्या. परंतु कंपनीच्या मंडळींनी आवाज ऐकला आणि त्यांच्या ध्यानात आले की, हे बाजारात चालण्याजोगे आहे. त्यांनी गाणारीस एक टोपणनाव दिले. फ्रेंच भाषेत ते 'सेर सुरीर', म्हणजे 'हसरी भगिनी'. इंग्रजी मुलुखात लोक तीस 'सिंगिंग नन' म्हणू लागले. तिचे खरे नाव तबकडीवर नव्हते आणि हसरी भगिनी हे नाव तिने स्वतः निवडिलेले नव्हते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

पुढे जे घडले ते कोणाच्याही कल्पनेत नव्हते. १९६३ सालच्या नोव्हेंबरच्या २२ तारखेस अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि तो देश शोकात बुडाला. त्यानंतर पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, ७ डिसेंबर १९६३ च्या यादीत, 'दोमिनिक' हे गाणे अमेरिकेतील सर्व लोकप्रिय गीतांत पहिल्या क्रमांकावर आले आणि चार आठवडे तेथेच राहिले. तिच्या गाण्यांची मोठी तबकडी तर दहा आठवडे आपल्या यादीत अग्रस्थानी होती. ज्यांस फ्रेंचचा गंध नाही असे लक्षावधी लोक ते गाणे गुणगुणू लागले. मोटारीच्या शर्यती आणि प्रेमाचे रुसवेफुगवे यांची गाणी गाणाऱ्या जगात, पायी हिंडून देवाविषयी बोलणाऱ्या एका गरीब संताचे गाणे सर्वांच्या पुढे गेले.

येथे एक योगायोग सांगतो. त्या यादीच्या तीनच दिवस आधी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला महत्त्वाचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. आज आपण मिस्सेत आपल्या मायमराठीत गातो, त्याचे दार त्या दस्तऐवजाने उघडिले. एकाच आठवड्यात रोम येथे ख्रिस्तसभेने लोकांच्या भाषेस वेदीपाशी बोलाविले आणि तिकडे एका धर्मभगिनीची गिटार लोकांच्या घराघरांत जाऊन पोहोचली. त्या दिवसांत पुष्कळांस वाटले की, नवा वसंत आला आहे. झानीनलाही तसेच वाटले असल्यास नवल नाही.

१९६४ च्या जानेवारीच्या ५ तारखेस अमेरिकेतील एड सलिव्हन यांच्या विख्यात दूरचित्रवाणी कार्यक्रमात ती लोकांस दिसली. त्यासाठी ती अमेरिकेस गेली नाही. सलिव्हन स्वतःच चित्रीकरणासाठी बेल्जियमच्या मठात आले होते. त्याच वर्षी धार्मिक गीतांसाठीचा ग्रॅमी पुरस्कार तिच्या गाण्यास मिळाला. आणि १ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स नावाच्या चार इंग्रज तरुणांचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर चढले. जगाचे कान तिकडे वळले. हसऱ्या भगिनीचा काळ दोन-तीन महिन्यांत सरला. त्यानंतर तिचे एकही गाणे त्या उंचीस पोहोचले नाही.

बंधुभगिनींनो, गाणे जुने होते यात दुःख करण्याजोगे काही नाही. मुलांचे कपडे आखूड होतात, तशी लोकांची आवड बदलते. मला जे सांगावयाचे आहे ते निराळे आहे. या गाण्याने पुष्कळ पैसा मिळविला. तो कोणाकडे गेला? मोठा भाग कंपनीने घेतला. उरलेला मठाकडे आणि मठाच्या मिशनकार्याकडे गेला. यात कायद्याने पाहता काही वावगे नव्हते. धर्मभगिनीने दारिद्र्याचे व्रत घेतलेले असते. तिच्या हातची कमाई मठाची असते, मग ती भरतकामाची असो की गाण्याची. झानीननेही ते मनापासून स्वीकारिले होते. तिच्या हाती एक पैसाही राहिला नाही आणि तिने तो मागितलाही नाही.

मठाने तीस पुढे ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी लुव्हेन येथे पाठविले. इकडे हॉलिवूडने तिच्या जीवनाच्या आधाराने एक चित्रपट काढिला. तो १९६६ साली प्रदर्शित झाला आणि तीत डेबी रेनल्ड्स या नटीने प्रमुख भूमिका केली. हा चित्रपट म्हणजे कल्पित कथा आहे, असे झानीनचे म्हणणे होते. जगास हवी होती सदैव हसणारी, गिटार वाजविणारी, गोड भगिनी. खऱ्या झानीनला शंका येत, राग येई, निराशा ग्रासी आणि रात्री झोप येत नसे. आपण हसरी भगिनी हे नाव घेऊन एखाद्या माणसाकडे गेलो, तर रडण्यासाठी तो आपणांस कोणती जागा देईल?

१९६६ च्या सुमारास तिने मठ सोडिला. प्रार्थना आणि साधे जीवन मात्र तिने सोडिले नाही. तीस गाण्यावरच उदरनिर्वाह करावयाचा होता. परंतु ज्या नावाने जग तीस ओळखत होते, ते नाव वापरण्याचा अधिकार तीस उरला नव्हता. म्हणून तिने लुक दोमिनिक असे नवे नाव घेतले. १९६७ साली तिची नवी तबकडी निघाली. मी कोणी तारका नव्हे, अशा अर्थाचे तिचे नाव होते. ती कोणी फारशी विकत घेतली नाही. त्याच सुमारास संततिनियमनाच्या गोळीबद्दल देवाचे आभार मानणारे एक गाणे तिने गाईले. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीस ते धरून नव्हते, हे मी येथे आडपडदा न ठेवता सांगतो. पुढील वर्षी, २५ जुलै १९६८ रोजी, परमगुरुस्वामी सहावे पॉल यांनी आपल्या परिपत्रकाने ती शिकवणूक पुनः स्पष्ट केली. त्या गाण्यामुळे तिच्या जुन्या चाहत्यांपैकी कित्येक तिच्यापासून दूर गेले. नव्या पिढीस ती जुन्या काळची वाटत होती. जुन्यांस ती बंडखोर वाटू लागली. अशा मनुष्यास दोन्ही बाजूंनी दारे बंद होतात.

आनी पेशेर या आपल्या मैत्रिणीबरोबर ती वाव्र या गावी राहू लागली. त्या दोघींच्या स्नेहाविषयी जगाने पुष्कळ लिहिले आहे. आपण आज न्यायासनावर बसलेलो नाही. एवढे मात्र नक्की की, सर्व जग पाठमोरे झाले असता ती एक व्यक्ती तिच्यासोबत राहिली. त्या दोघींनी मिळून स्वमग्न मुलांसाठी एक शाळा चालविली. जी मुले बोलत नाहीत, डोळ्यांस डोळा देत नाहीत, अशा मुलांना जीव लावण्याचे ते काम होते. बंधुभगिनींनो, गाण्याची टाळी गेली तरी तिची सेवा गेली नव्हती. परंतु त्या सेवेचे गाणे कोणी विकत घेतले नाही.

आणि मग सत्तरच्या दशकात सरकारी कर खात्याचे पत्र आले. खात्याचे म्हणणे असे की, तुमच्या गाण्यांवर अमुक इतके उत्पन्न झाले, त्याचा कर आपण भरलेला नाही, तो भरा. मागणी सुमारे ६३,००० अमेरिकन डॉलर इतकी होती. तिने सांगितले की, तो पैसा मी कधी पाहिलाही नाही, तो मठास गेला. खाते म्हणाले, पावती दाखवा. पावती कोठली असणार? आज्ञापालनाच्या व्रताची पावती कोणी देत नाही. मुलगी आईच्या हाती पगार ठेविते तेव्हा ती आईकडून सही घेत नाही.

न्यायाने बोलावयाचे तर मठाने आपली बाजू अगदीच झटकून टाकिली नाही. आपल्या समजुतीप्रमाणे तिचा हिस्सा मठाने तीस दिला होता. वाव्र येथील राहत्या जागेसाठीही साहाय्य केले होते. परंतु त्याबरोबर, यापुढे उभयतांचा काही हिशेब उरला नाही, असा कागद लिहून घेतला गेला. कंपनीने साहाय्य नाकारिले. १९८२ साली तिने त्याच 'दोमिनिक' गाण्यास नव्या काळच्या नाचाच्या ठेक्यावर पुनः गाईले. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या-एकोणपन्नासाव्या वर्षी, कर्ज फेडण्यासाठी, आपल्या तरुणपणीचे प्रार्थनागीत विजेच्या वाद्यांवर गाणारी ती स्त्री माझ्या डोळ्यांपुढे येते आणि मला आमची ती सेमिनरीतील पाच तारांची गिटार आठवते. ते गाणेही चालले नाही. मुलांची शाळाही बंद पडली.

२९ मार्च १९८५ रोजी झानीन आणि आनी या दोघींनी आपल्या हातांनी आपले जीवन संपविले. झानीन एक्कावन्न वर्षांची होती. तो प्रायश्चित्तकाळातील शुक्रवार होता आणि झावळ्यांचा रविवार दोन दिवसांवर आला होता. त्यांनी मागे ठेविलेल्या चिठ्ठीत लिहिले होते की, आमची श्रद्धा आम्ही सोडिलेली नाही, आम्हांस ख्रिस्तसभेच्या विधीने एकत्र मूठमाती मिळावी. ४ एप्रिल रोजी, म्हणजे पवित्र गुरुवारी, वाव्र येथील दफनभूमीत त्यांस एकाच ठिकाणी पुरण्यात आले. ज्या दिवशी प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्या दिवशी.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करणे धर्मगुरू या नात्याने माझे कर्तव्य आहे, कारण आपल्या गावांत अजूनही याविषयी चुकीच्या समजुती आहेत. १९१७ सालच्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत, जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्यास धार्मिक दफन देऊ नये, असा नियम होता. आपल्या वाडवडिलांनी तो पाळिला. कित्येक घराण्यांनी त्यापायी दुहेरी दुःख भोगिले. १९८३ साली नवी संहिता प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून अमलात आली. तीत धार्मिक दफन नाकारावयाच्या व्यक्तींच्या यादीतून आत्मघात करणाऱ्यांचा उल्लेख काढून टाकिला आहे. १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथात ख्रिस्तसभा स्पष्ट शिकविते की, जीवन हे देवाचे दान असून ते संपविण्याचा अधिकार मनुष्यास नाही. परंतु मनाचा गंभीर आजार, तीव्र यातना किंवा भय यांमुळे त्या मनुष्याची जबाबदारी कमी होऊ शकते. आणि अशा मृतांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. देवास ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांस पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करिते. हा काही दयेपोटी काढलेला आडमार्ग नव्हे. ही ख्रिस्तसभेची शिकवणूक आहे.

मी हे पुस्तकातून शिकलो होतो. परंतु त्याचा अर्थ मला पुढे कळला, आणि तो माझ्या स्वतःच्या चुकीतून कळला. ही गोष्ट मी आजवर व्यासपीठावरून सांगितली नव्हती.

दीक्षा होऊन मला दोन-तीन वर्षे झाली होती. मी दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक म्हणून होतो. तेथे गायकवृंदात एक गृहस्थ व्हायोलिन वाजवीत. अबोल मनुष्य. अर्पणविधीच्या एका गीतास त्यांनी चाल लाविली होती. ती चाल इतकी साधी आणि इतकी हृदयास भिडणारी होती की, शेजारच्या धर्मग्रामांतही लोक ती गाऊ लागले. त्यांनी लाविलेली दुसरी कोणतीही चाल मी ऐकिली नाही. त्या एका चालीची स्तुती सर्वांनी केली. पुढे त्यांच्या अंगावर कर्ज झाले, हे गावात कुजबुजत होते. सणाच्या आधीच्या शनिवारी ते साक्रिस्तीच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, 'फादर, थोडा वेळ आहे का?' माझ्या हातात मेणबत्त्यांचा हिशेब होता, मंडपवाला बाहेर खोळंबला होता. मी म्हटले, 'सण होऊ द्या, मग निवांत बसू.' ते हसले आणि गेले. सणाच्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे वाजविले. सणानंतर मी त्यांस बोलाविले नाही. विसरलो. तीन महिन्यांनी पहाटे त्यांचा मुलगा मला बोलवावयास आला, तेव्हा मला ते आठवले.

त्या दिवशी काही वडीलधारी माणसे मजकडे आली आणि म्हणाली की, फादर, घंटा वाजवू नये, शव देवळात आणू नये, असा आपला रिवाज आहे. मी त्यांस नवा नियम समजावून सांगितला. घंटा वाजली, मिस्सा झाली, आणि अर्पणविधीच्या वेळी त्यांचीच चाल गाईली गेली. लोक म्हणाले, तरुण फादरांनी धीर दाखविला. मला मात्र ठाऊक होते की, मेलेल्या मनुष्यासाठी देवळाचे दार उघडणे मला जमले, पण जिवंत असता तो साक्रिस्तीच्या दारात उभा होता तेव्हा मला जमले नव्हते.

म्हणून मी आज झानीनच्या मठास किंवा कंपनीस दोष देण्यासाठी उभा नाही. कंपनीने कराराप्रमाणे केले. मठाने व्रताप्रमाणे केले. सरकारने कायद्याप्रमाणे केले. लोकांनी तबकडी विकत घेऊन तिची किंमत चुकती केली. प्रत्येकाचा कागद आपापल्या जागी बरोबर होता. तरीही शेवटी एका स्त्रीच्या पदरी कोणाचेच काही देणे निघेना, हे कसे झाले? माझे उत्तर असे आहे की, कागदावरील हिशेब पुरा झाला म्हणजे ऋण फिटले, असे आपण मानतो. दानाचे ऋण तसे फिटत नाही. ज्याने आपणांस एक गाणे दिले, त्याची तब्येत कशी आहे, घरी चूल पेटते की नाही, हे विचारणे त्या ऋणात मोडते. ही पावती कोणी मागत नाही, म्हणूनच ती चुकते.

ज्या संताचे ते गाणे होते, त्या संत दोमिनिकाची एक गोष्ट परंपरेने चालत आली आहे. तरुणपणी तो स्पेनमध्ये पालेन्सिया येथे विद्यार्थी असता तेथे दुष्काळ पडला. त्याजपाशी स्वतः टिपणे केलेले मोलाचे ग्रंथ होते. त्या काळी ग्रंथ चामड्यावर लिहीत. त्याने ते सर्व विकिले आणि पैसा गोरगरिबांस वाटिला. माणसे भुकेने मरत असता मी मेलेल्या कातड्यांवर अभ्यास कसा करू, असा त्याचा भाव होता. ज्याने जिवंत माणसासाठी आपले ग्रंथ दिले, त्याचे गाणे आपण सर्वांनी मोठ्या आवडीने गाईले. गाणारी मात्र आपल्या ध्यानात राहिली नाही.

बंधुभगिनींनो, आपण महोत्सव करीत आहो. महोत्सव हा शब्द आपण रोषणाई आणि जेवणावळ यांसाठी वापरितो. पवित्र शास्त्रात लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाची जी व्यवस्था सांगितली आहे, ती वाचून पाहा. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्यास परत जावी, दास झालेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या कुटुंबात परतावा, अशी आज्ञा आहे. म्हणजे महोत्सव ही पन्नास वर्षांच्या देण्याघेण्याची तपासणी आहे. आपल्या समितीने जमाखर्च चोख ठेविला आहे आणि तो या स्मरणिकेत छापलाही जाईल. त्याच्या जोडीस आपण दुसरी एक वही उघडू या.

तीत कोणाची नावे लिहावी? ज्यांच्या चाली आपण गातो पण चालकर्त्यांची नावे विसरलो, त्यांची. ज्या बाईंनी तीस वर्षे लहान मुलांस गाणी शिकविली आणि ज्या आता गुडघे दुखतात म्हणून मंदिरात येऊ शकत नाहीत, त्यांची. जो मुलगा एका वर्षी सणाच्या नाटकात इतका सुरेख गाईला की सर्वांनी त्यास डोक्यावर घेतले, आणि आवाज फुटल्यावर ज्यास कोणी विचारिले नाही, त्याचे. आज ज्यांचा सत्कार होत आहे त्यांपैकी कित्येकांस उद्या सकाळी घरी काय अडचण आहे, हे आपणांस ठाऊक नाही. शाल पांघरून फोटो काढिला की सत्कार संपतो. ऋण तेथे सुरू होते.

म्हणून माझी आपणांस दोन-तीन विनवण्या आहेत. पहिली अशी की, आपल्या गीतसंग्रहाची जी नवी आवृत्ती निघणार आहे, तीत प्रत्येक गीताखाली, जेथे माहिती मिळेल तेथे, रचनाकार आणि चालकार यांची नावे छापावी. दुसरी अशी की, गायकवृंदाने महिन्यातून एकदा, सरावाऐवजी, आपल्या एखाद्या जुन्या सोबत्याच्या घरी जाऊन बसावे. गाणे म्हटले नाही तरी चालेल. चहा घ्यावा आणि ऐकावे. तिसरी विनवणी तरुणांस आहे. आज एखाद्याचे गाणे मोबाइलवर एका रात्रीत लाखोंपर्यंत पोहोचते आणि आठ दिवसांत विसरले जाते. आपणांपैकी कोणाच्या वाट्यास असे यश आले, तर त्यात आनंद माना, पण त्या हसऱ्या चित्रास आपला चेहरा समजू नका. रडावेसे वाटले तर रडा, आणि कोणापाशी तरी बोला. माझे दार उघडे आहे. मेणबत्त्यांचा हिशेब मी आता दुसऱ्यांकडे सोपविला आहे. आणि धर्मगुरूपाशी बोलण्याचा संकोच वाटत असेल, तर सरकारची टेली-मानस नावाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. मनाच्या दुखण्यास औषध घेणे यात श्रद्धेचा उणेपणा नाही. पाय मोडला तर आपण डॉक्टरकडे जातोच ना?

येत्या रविवारी संध्याकाळच्या मिस्सेत, या पन्नास वर्षांत या धर्मग्रामात ज्यांनी गाईले आणि जे आता प्रभूकडे गेले आहेत, त्या सर्वांसाठी मी प्रार्थना करणार आहे. त्यांत, आपली हरकत नसेल तर, बेल्जियमच्या झानीन आणि आनी यांची नावेही मी घेईन, आणि माझ्या त्या व्हायोलिनवाल्या मित्राचेही. ज्या गाण्याच्या आनंदात मी तरुणपण घालविले, त्याचे माझे देणे एवढे तरी फिटावे.

मिस्सेनंतर, ज्यांस येणे शक्य आहे त्यांनी मजबरोबर तीन-चार घरी यावे. यादी मी केली आहे. पहिले घर वरच्या आळीतील आपल्या जुन्या पेटीवाल्यांचे आहे. ते गेली दोन वर्षे अंथरुणास खिळून आहेत. त्यांस गाणी आवडतात, पण त्याआधी त्यांचे म्हणणे ऐकू.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.